बाजूला काढलेला वाटा

"सगळे विचारायला येतात आणि सगळे जेवून जातात," माझ्या टाचेवरचा चिखल घासता घासता म्हातारी पुटपुटली. "आणि पाय धुवायला मी एकटी. त्यात गंधकाच्या धुरानं डोळे गेलेले. पाय कुठला नि घंगाळ कुठलं, दिसतंय कुणाला."

ती मला ऐकवायला म्हणून बोलली नव्हती. पण माझं पाऊल तिच्या मांडीवर होतं, तोंड माझ्या गुडघ्यापाशी. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काय घरी ठेवून आले होते?

तिचं नाव फिलिना. इथाका बेटावरच्या माझ्या मामाच्या घरची सगळ्यात जुनी बाई. माझ्या आईला तिनं कडेवर खेळवलेलं. आईचे पाय तिनं आधी धुतले होते आणि धुताना थोडी रडलीही होती. माझ्या वाट्याला उरलेलं पाणी आणि उरलेली कुरकूर आली.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. आज माझी धाकटी तेवढी आहे, आणि तिला वाटतं की तिची आई जन्मापासून अशीच गुडघे धरून उठत आली आहे. असू दे.

मामा म्हणजे ओडिसियस. त्याच्याबद्दल तुम्ही ऐकलं असेलच, सगळ्यांनीच ऐकलंय. माझी आई क्तिमेनी ही त्याची धाकटी, एकुलती बहीण. तिच्याबद्दल कुणी काही ऐकलेलं नसतं. तिला समोरच्या सामी बेटावर दिली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मामा ट्रॉयच्या लढाईवर निघाला आणि सोबत मेहुण्याला, म्हणजे माझ्या बाबांना, घेऊन गेला. मी तेव्हा आईच्या पोटात होते. बाबांना ते कळलंही नव्हतं, कारण आईलाच नंतर कळलं.

वीस वर्षांनी मामा परत आला. एकटा.

आला त्या दिवशी त्यानं काय केलं तेही तुम्हाला ठाऊक असेल. मामीशी लग्न करायचं म्हणून घरात ठाण मांडून बसलेल्यांना त्यानं मोठ्या बैठकीत दारं लावून मारलं. त्यातले चोवीस आमच्या सामीचे होते. आम्ही दोघी नावेत बसलो तेव्हा आमच्या गल्लीतल्या तीन घरांत रडणं चालू होतं. एकाही बाईनं 'नीट जा' म्हटलं नाही. एकीनं दार लावून घेतलं. आई डोक्यावरून पदर घेऊन, खाली बघत, सरळ चालत गेली. तिला विचारायला जायचंच होतं.

काय विचारायचं ते सांगते.

आमच्याकडे समुद्रावर गेलेल्या माणसाचं नाव घरच्यांनी घ्यायचं नसतं. लाटा कान देऊन असतात, नाव कळलं की माणूस मागून घेतात. तो परत आला की उंबऱ्यात उभं राहून मोठ्यानं नाव घ्यायचं. नाहीच आला, तर ज्यानं त्याला शेवटचं पाहिलं त्याला घरच्यांनी तीन प्रश्न विचारायचे. कुठे गेला? कसा गेला? शेवटचा घास कोणाबरोबर खाल्ला? यातला तिसरा सगळ्यात मोठा. कारण मग किनाऱ्यावर जाऊन मेलेल्याला तीन हाका मारायच्या असतात आणि पहिली हाक त्या जेवणाच्या सोबत्याची. तो आवाज आत्म्याला ओळखू येतो, त्याच्या मागोमाग तो घरी येतो. सोबती स्वतःच मेला असेल तर त्याचं नाव घेऊन घरातला वडीलधारा हाक मारतो. पण नाव खरं लागतं. खोट्या नावानं मारलेली हाक वाया जाते आणि आत्मा कायमचा पाण्यावर राहतो. म्हणून एरवी तोंडाला येईल ते बोलणारी माणसंही या एका प्रश्नाला खोटं बोलत नाहीत.

हाका झाल्या की रिकाम्या मातीचा ढीग, त्यावर रोवलेलं एक वल्हं, बायकोनं कापलेले केस. मग माणूस मेला. तोवर नाही.

माझ्या बाबांचं तसं काहीच झालं नव्हतं. आईनं वीस वर्षं केस कापले नव्हते. रोज जेवताना ती एका वाडग्यात बाबांचा वाटा बाजूला काढायची. ही सवय बाबांचीच. ते कधी कुणाला सोडून जेवले नाहीत म्हणे. जो जागेवर नसेल त्याचा वाटा आधी काढायचा, मग स्वतःच्या तोंडात घास. "वर्षभराच्या संसारात एवढंच शिकले त्यांच्याकडून," आई म्हणायची. सकाळी तो वाटा मी खायचे. शिळ्या भाकरीवर वाढले मी, बापाच्या वाट्यावर.

आणि बाप जिवंत असलेली मुलगी दुसऱ्या कुणी लग्नात द्यायची नसते. माझा बाप जिवंतही नव्हता आणि मेलाही नव्हता. दोन स्थळं वाट बघून गेली. तिसरा, वल्ही घडवणारा दामोन, अजून थांबला होता. पण त्याच्या आईनं सांगून टाकलं होतं, द्राक्षं उतरेपर्यंत. त्यानंतर नाही. आम्ही इथाकाला निघालो तेव्हा वेलींवरचे घड काळे पडायला लागले होते.

आता पाय धुऊन झाले होते. फिलिनानं माझं पाऊल मांडीवरून उतरवलं.

"जा आत," ती म्हणाली. "पानं वाढलीत. इथं पानं वाढायला कधी उशीर होत नाही."

मामा बसलेला असला की भव्य दिसायचा. उभा राहिला की बेताचा. आम्ही आत गेलो तेव्हा तो बसला होता. भिंती नुकत्या घासलेल्या, जमिनीवर नवी माती टाकलेली, आणि सगळ्यावर तो रक्ताचा विटाळ घालवायला जाळलेल्या गंधकाचा वास.

"तिमे," तो आईला म्हणाला. हे तिचं लहानपणचं नाव, मी पहिल्यांदाच ऐकलं. "किती वाळलीस गं."

"तू नव्हतास ना खायला घालायला," आई म्हणाली.

दोघं हसले. तिनं त्याच्या गुडघ्याला हात लावला, त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला. मला वाटलं, झालं. आता विचारेल, आता सांगेल, आणि उद्याच्या नावेनं परत.

"दादा, मला विचारायचंय."

"विचार की. सगळं विचार. आधी हे चीज खाऊन बघ. आपल्या डुकरं राखणाऱ्या युमेयसनं आणलंय डोंगरावरून. आणि ही भाचीबाई का? नाव काय तुझं?"

"मिर्तो," मी म्हणाले.

"मिर्तो. जेव बाळ."

आता आमच्याकडे पाहुण्याचं पोट भरेपर्यंत कामाचा प्रश्न नाही. ना त्यानं विचारायचा, ना त्याला कुणी. ही रीत लहान पोरालाही माहीत असते. आम्ही जेवलो. चीज झालं, भाकरी झाली. मग कोकराचं मांस आलं. ते संपत आलं तशी अंजिरं आली, अंजिरांमागून मधातले तीळ. आईनं हात आखडता घेतला की मामा स्वतः उठून वाढायचा. बाहेरून चार कोळी आले, त्यांनाही पानं मांडली. आणि जेवता जेवता मामा गोष्टी सांगू लागला.

काय सांगायचा. माझा घास हातात राहायचा. एका डोळ्याचा राक्षस, वाऱ्यांची बांधलेली पिशवी, गाणाऱ्या बाया. पण ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मेलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या गोष्टीत नाव होतं. अमका छपरावरून पडला, तमक्याला गुहेत धरलं; आता हाका मारून झालेल्यांची नावं घ्यायला हरकत नव्हती. एक सोडून. त्याला तो 'एक माणूस' म्हणायचा.

"एका जादूगारणीच्या घरात बावीस जण शिरले," तो कोळ्यांना सांगत होता. "एक माणूस दारातच राहिला. चौकट चाचपत. आतल्यांची डुकरं झाली आणि हा रडत परत आला."

कोळी हसले. आई हसली नाही.

"दादा, तो माणूस डावखुरा होता का रे?"

मामानं तिच्याकडे बघितलं. दहा वर्षांपूर्वीच्या वादळात वारा कुठल्या बाजूनं होता ते सांगणारा माणूस तो.

"लक्षात नाही," तो म्हणाला, आणि तिच्या पानात आणखी अंजिरं घातली.

माझे बाबा डावखुरे होते. अनोळखी घरात शिरण्याआधी चौकटीला हात लावायची त्यांची खोड होती. आईनं मला शंभरदा सांगितलं होतं. मीही तसंच करते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं मला अंगणात गाद्या झटकायला बोलावलं. माझी मामी, पेनेलोपी, कमी बोलायची. वर्षानुवर्षं घरात उपटसुंभ माणसं बसली की बाई एकतर फार बोलते, नाहीतर शब्द जपून ठेवते.

"वन्सं झोपल्या का?" तिनं विचारलं.

"आई पहाटेपासून दारात बसलीय."

मामीनं गादीवर दोन काठ्या हाणल्या. "त्यांना म्हणावं, उगीच थांबू नका. बाकीच्या गलबतांवरच्या बायका आल्या, त्यांना यांनी सगळं सांगितलं. कुठे, कसा, कोणाबरोबर. रडून हाका मारून गेल्या बिचाऱ्या. पण यांच्या स्वतःच्या, शेवटी उरलेल्या गलबतावरची कुणी आली की हे नुसतं वाढायला सांगतात. तीन आल्या, तिन्ही जेवून गेल्या."

"का पण?"

"मला विचारतेस? मला नवरा ओळखायला इतके दिवस लागले."  मग दुसऱ्या गादीकडे वळत म्हणाली, "दुपारी कधी झोपत नाहीत ते. बसल्या बसल्या डोळा लागलाच, तर दचकून उठतात आणि पहिलं काय विचारतात माहितीय? 'कोणी काही खाल्लं का?' रोज तेच. आणि आल्यापासून मांसाला शिवलेले नाहीत. सगळ्यांना वाढतात, स्वतः भाकरी नि कांदा. मारे राजा."

मी तेव्हा मान डोलावली आणि गादी उचलली. वीस वर्षांच्या पोरीला मामीच्या तक्रारी म्हणजे मामीच्या तक्रारी.

दुपारच्या जेवणाला पुन्हा तेच. आईनं तोंड उघडलं की मामा वाढपी. आज बंदरातली दहाबारा माणसं आली होती, आणि मामा शेवटच्या गलबताची गोष्ट सांगत होता. मी कान टवकारले. सूर्यदेवाच्या बेटावर वारा पडला आणि ते महिनाभर अडकले. शिधा संपला. मासे, पाखरं, काय मिळेल ते खाल्लं, तेही संपलं. बेटावर सूर्याच्या गाई चरत होत्या. पांढऱ्या, धष्टपुष्ट. त्यांना हात लावायचा नाही अशी सगळ्यांनी शपथ घेतलेली.

"मी बेटाच्या टोकाला देवाची प्रार्थना करायला गेलो," मामा म्हणाला. "माझ्यामागे एक माणूस उठला. म्हणाला, मारा गाई. बाकीच्यांनी ऐकलं. मूर्ख. मी परत आलो तर मांस भाजत होतं. मी हात लावला नाही. मग देवानं गलबतावर वीज टाकली आणि त्यातून मी एकटा वाचलो. का? तर मी खाल्लं नाही."

बंदरातली माणसं माना हलवत होती. शपथ मोडली की असंच व्हायचं. एक म्हातारा म्हणाला, "त्या एका माणसाच्या घरच्यांनी तोंड दाखवू नये."

मी आईकडे पाहिलं. तिनं हातातली भाकरी पानात ठेवली. पान पुढे सरकवलं. हात धुतले.

"काय झालं?" मामानं विचारलं.

"मी जेवणार नाही."

"पोट भरलं?"

"नाही. भूक आहे. पण जेवणार नाही." ती उठून उभी राहिली. "जेवतेय तोवर मी पाहुणी, आणि पाहुणीला विचारता येत नाही. पोट भरलं की तू पुन्हा वाढतोस. तुझ्या कोठारातलं संपेल तोवर माझी पोरगी म्हातारी होईल, दादा. त्यापेक्षा मी पाहुणीच नाही. मी तुझी बहीण आहे आणि तुझ्या दारात उपाशी बसलेय."

आणि ती खरंच जाऊन बसली. वाड्याच्या दाराबाहेर घोडे बांधायचा एक दगड होता, त्याच्यावर.

पहिली संध्याकाळ मामानं हसण्यावारी नेली. "लहानपणीही अशीच रुसायची," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मामीला पाठवलं. मामी वाडगा घेऊन गेली, आईशेजारी बराच वेळ नुसती बसली आणि भरला वाडगा घेऊन परत आली. मामानं काही विचारलं नाही. तोही जेवला नाही त्या दिवशी. येरझारा घालत होता, आणि येताजाता त्याचं लक्ष दाराबाहेरच्या दगडाकडे जायचं. आईच्या ओठांकडे. ओठ पांढरे पडून चिरायला लागले होते. ती फक्त पाणी पीत होती.

मी काय करत होते? मी शेजारी बसले होते. उपाशी. म्हणजे असं मी आईला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी फिलिनानं मला मागच्या दारी बोलावलं आणि हातावर जवाची भाकरी नि दोन अंजिरं ठेवली. मी तिथंच भिंतीला तोंड करून खाल्लं. चावलंसुद्धा नाही नीट. आजही ती भाकरी आठवली की लाज वाटते, आणि त्या लाजेत अजून तिची चवही येते.

तोंड पुसून परत आले, तर दगडापाशी मामा उभा होता. हातात वाडगा. त्यात दुधात कालवलेली भाकरी, आजाऱ्याला देतात तशी.

"खा," तो आईला म्हणत होता. "चार घास. मग विचार. शप्पथ."

"तुझ्या शपथा मी लहानपणी खूप ऐकल्यात."

"तुझे ओठ बघ. मला बघवत नाहीत असे ओठ. तुला माहीत नाही, तिमे, माणूस कसा दिसतो उपासानं. आधी ओठ. मग डोळे मोठे होतात. मग माणूस बोलायचं थांबतो आणि नुसता बघत बसतो. तुझ्याकडे. तू काहीतरी करशील म्हणून."  तो माझ्याकडे वळला. "पोरीनं काही खाल्लं का?"

तेच शब्द. मामी म्हणाली होती तेच.

 अंजिराचं बी माझ्या ओठाला चिकटलं होतं बहुतेक, कारण आईनं हात पुढे करून ते अंगठ्यानं पुसलं.

"आई, मी..."

"खाल्लंस ना?"

मी मान खाली घातली. "हो. एक भाकरी. आणि अंजिरं. तू उपाशी असताना. मला राहवलं नाही."

"बरं केलंस," आई म्हणाली. "लपवायचं काय त्यात? भूक लागली की माणूस खातो."

तिनं ते अगदी सहज म्हटलं. माझ्या केसांवरून हात फिरवत, मामाकडे न बघता. मीच बघत होते म्हणून मला दिसलं. वाडगा त्याच्या हातातून सुटला नाही, पण त्यातलं दूध कडेवरून सांडून त्याच्या पायांवर ओघळत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

तो खाली बसला. दगडाशेजारी, धुळीत. शंभर माणसं मारलेला माणूस.

"विचार," तो म्हणाला.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मी तिचा हात धरला तर तो गार होता.

"कुठे गेले?"

"सूर्याच्या बेटावरून निघाल्यावर. भर समुद्रात. जमीन दिसेनाशी झाली होती."

"कसे गेले?"

"वीज पडली. डोलकाठी मोडली. सगळे पाण्यात. ते समुद्रपक्षी असतात ना काळे, तशी डोकी दिसत होती लाटांवर. मग नाही दिसली." त्यानं वाडगा खाली ठेवला. "तो सगळ्यात जास्त वेळ दिसत होता. पोहायचा चांगला."

"हो," आई म्हणाली.

"तो तीनदा आला होता माझ्याकडे, तिमे. बेटावर. आधी म्हणाला, दादा, पोरं काटक्या चघळताहेत. मी म्हटलं, थांब. मग म्हणाला, दादा, सगळ्यात लहान एलातोस आज उठला नाही. मी म्हटलं, प्रार्थना करतो. तिसऱ्यांदा आला तेव्हा काही बोललाच नाही, नुसता समोर बसला. मी उठून बेटाच्या टोकाला गेलो. प्रार्थना करायला म्हणून गेलो. आणि झोपलो."

दारात मामी येऊन उभी होती. तिच्यामागे फिलिना. 

"मी झोपलो होतो. त्या सगळ्यांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं म्हणून मी झोपलो. जागा झालो ते वासानं. खाली आलो, त्याला शिव्या दिल्या. सगळ्यांसमोर. तुझ्या नवऱ्याला मी काय काय बोललो ते तुला सांगणार नाही. तो ऐकून घेत होता. एलातोस उठून बसला होता आणि त्याच्या तोंडाला रंग आला होता."

तो थांबला.   हातानं पायांवरचं दूध पुसत राहिला.

मला वाटलं, संपलं. कुठे, कसा, दोन्ही मिळालं. तिसऱ्याचं उत्तर मीच मनात तयार करून टाकलं. एलातोस असेल, आणखी कुणी असेल. मेलेल्या माणसाचं एक नाव. घेऊन टाकावं आणि हाक मारावी. माझ्या डोळ्यांसमोर दामोनच्या घरचा मांडव यायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

पुढचं सगळं मला आठवतं. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर गेलेल्या तीन हाका. पहिली इतकी मोठी की बंदरातली माणसं घराबाहेर आली, आणि ती कोण मारतोय ते पाहून 'तोंड दाखवू नये' म्हणणारा तो म्हातारा जागच्या जागी खाली बसला. आईचे कापलेले केस, फिलिनाच्या ओच्यात. दामोननं घडवलेलं वल्हं आम्ही रोवलं तो मातीचा ढीग, अजून आहे सामीच्या टोकाला. माझ्या लग्नात मामानं माझा हात दामोनच्या हातात दिला आणि जेवणाला बसला तेव्हा परत आल्यापासून पहिल्यांदा मांसाचा तुकडा तोंडात घातला. हे सगळं झालं. पण ते नंतर. त्या दुपारी आई दगडावर बसली होती आणि तिचा तिसरा प्रश्न बाकी होता.

तिनं लगेच विचारला नाही. ती विचार करत होती. वीस वर्षं रोज एक वाटा बाजूला काढणारी बाई ती.

"दादा," ती म्हणाली, "तू झोपला होतास. जागेवर नव्हतास."

"नव्हतो."

"मग तुझा वाटा काढला असेल त्यांनी."

मामानं वर पाहिलं. दारात मामीचा हात चौकटीवर गेला.

"पानात गुंडाळून ठेवला होता," तो म्हणाला. अगदी हळू. "माझ्या शिव्या संपेपर्यंत थांबला. मग तो माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी बसला."

"आणि?"

 अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. बंदराकडून गुत्त्यातल्या माणसांचं हसणं येत होतं. तिथं ती गोष्ट रोज सांगितली जायची, खाल्लं नाही म्हणून जो वाचला त्याची. मामीनं नजर खाली वळवली. फिलिना काहीतरी पुटपुटायला लागली आणि मध्येच थांबली. मला एकाएकी कळलं की या घरात खरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक होती, किंवा ठाऊक नसली तरी कळलेली होती, आणि म्हणूनच इथं पानं इतकी लवकर वाढायचे.

आई उठली. मी धरायला गेले तर तिनं मला बाजूला केलं. ती भावासमोर धुळीत बसली, गुडघ्याला गुडघा लावून. आणि जे नाव मी तिच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, ते तिनं घेतलं. स्पष्ट, एकेक अक्षर, समुद्राला हवं तर ऐकू दे अशा आवाजात.

"युरिलोकसनं शेवटचा घास कोणाबरोबर खाल्ला?"

"माझ्याबरोबर," मामा म्हणाला.